मुठीएवढे कोकमतेल

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारी आमची सूनबाई सुट्टीच्या सकाळी ओट्याशी काहीतरी वितळवत होती. डबीवर नाव होते ‘शिया बटर’. पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांतले हे लोणी. केसांच्या कोरड्या टोकांना आणि हातांना लावायला घरीच मलम करायचे, असा तिचा बेत होता. मी फडताळातला पिवळसर गोळा तिच्यापुढे ठेवला.

“हे काय, बाबा?”

“आपल्याकडचे लोणी. कोकमतेल!”

माझ्या आईचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. साले आमसुलांसाठी वाळत घातली की बिया उरत. त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेले तेल काढायचे आणि निवत आले की मुठीत वळायचे. म्हणून काही गावांत त्याला मुठेल म्हणतात.

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हापासून पिंपरीत गावोगावची माणसे पोटासाठी येत राहिली. १९८५ च्या सुमारास मी तिथल्या एका बँकेत काउंटरवर होतो. थंडीत एका टर्नरची सही नमुन्याशी जुळेना. अंगठा भेगाळलेला, पेन धरवत नव्हते. दुसऱ्या दिवशी आईने दिलेला गोळा मी त्याला नेऊन दिला. पुढच्या पगाराला सही जुळली!

या तेलाचा मान परदेशातही आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांनी कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, त्यांत शियाच्या जोडीला कोकम, साल आणि आंब्याची कोयही आहे.

सूनबाईने मग एक चमचा किसलेले कोकमतेल आणि तीन चमचे खोबरेल एकत्र केले, भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवले आणि कोरड्या डबीत ओतले. ओले बोट मात्र डबीत घालायचे नाही; पाणी गेले की मलम बिघडते. केसांना अगदी थोडे, तेही टोकांनाच; नुसते कोकमतेल फार घट्ट असते.

एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. आईला मधुमेह होता. टाचेची भेग खोल गेली, तरी ती रात्री गुपचूप कोकमतेल भरत राहिली. पायाची जाणीव कमी झाल्याने दुखत नव्हते. आम्हाला कळले तेव्हा जखम चिघळली होती. पुढे तीन महिने ती अंथरुणावर होती. दोष तेलाचा नव्हता. ते ओलावा धरून ठेवते, कातडी मऊ करते. जखम बरी करणे हे त्याचे काम नाही. शिया असो वा कोकम, भेगेतून रक्त आले, पू झाला किंवा घरात मधुमेह असला, तर आधी डॉक्टर.

सूनबाईने ऐकून घेतले. संध्याकाळी ती माझ्यापुढे डबी घेऊन बसली. “बाबा, पाय दाखवा बघू.”

आईला असे कोणी म्हणाले नव्हते. मीसुद्धा.