तालमीचेही पैसे देणारा माणूस : आल्फ्रेड लायन आणि ‘ब्लू नोट’

रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘निर्माता’ म्हणून एक नाव छापलेलं असतं. गाणारा काय करतो ते आपल्याला कळतं, वाजवणारा कळतो, ध्वनिमुद्रण करणाराही कळतो. मग हा निर्माता नेमकं करतो काय? आज आपण हे एका माणसाच्या कारकिर्दीवरून बघणार आहोत. आल्फ्रेड लायन. हा वादक नव्हता. जन्माने अमेरिकन नव्हता. त्याचं इंग्रजी शेवटपर्यंत जर्मन वळणाचंच राहिलं, ‘स्विंग’ला तो ‘श्विंग’ म्हणायचा. आणि तरी अमेरिकेतल्या जॅझचा निम्मा उत्तम ऐवज आपल्यापर्यंत पोचला तो त्याच्या ‘ब्लू नोट’ या कंपनीमुळे, असं आम्ही म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लायन १९०८ साली बर्लिनमध्ये एका ज्यू घरात जन्मला. १९२५ मध्ये सॅम वुडिंग या कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुखाचा ऑर्केस्ट्रा बर्लिनला आला होता. पोरगा निघाला होता स्केटिंगला, जाहिरात दिसली, आत गेला आणि तिथेच अडकला. पुढे विशीच्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला, गोदीत कामाला लागला. बाहेरून येऊन आमच्या नोकऱ्या घेतात, या रागातून एका कामगाराने त्याला इतकं मारलं की तो रुग्णालयात पोचला, आणि बरा झाल्यावर जर्मनीला परतला. मग हिटलर सत्तेवर आला. लायन आधी दक्षिण अमेरिकेत आणि तिथून पुन्हा न्यूयॉर्कला आला, या वेळी कायमचा.

२३ डिसेंबर १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंडने एक कार्यक्रम केला. त्यात आल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुईस हे दोन पियानोवादक ‘बूगी-वूगी’ वाजवत होते. म्हणजे डावा हात एकच ठेका घोळवत राहतो आणि उजवा हात त्यावर मोकाट सुटतो. लायन भारावला. जेमतेम दोन आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ ला, त्याने भाड्याच्या स्टुडिओत दोघांना बोलावलं. खायला-प्यायला ठेवलं आणि सांगितलं, वाजवा. दोघे आळीपाळीने पियानोवर बसले.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी जॅझची तबकडी दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकताना जाणवतं ना, राग घडीच घालून ठेवलाय? तसंच. लायनने बारा इंची तबकडी काढली, जी साधारणपणे युरोपीय अभिजात संगीतासाठी राखलेली असायची. मिनिटभर जास्त मिळालं. पहिल्या वेळी प्रती शंभरसुद्धा छापल्या नाहीत, भांडवलच नव्हतं. थोडे पैसे मॅक्स मार्गुलिस या लेखक-भागीदाराने घातले होते. पण मिनिटभर जास्त म्हणजे वादकाला विचार पुरा करायला मिनिटभर जास्त. याच वर्षी जूनमध्ये सिडनी बेशेने ‘समरटाइम’ लायनकडे वाजवलं, आणि ती तबकडी या छोट्या दुकानाची पहिली चाललेली तबकडी ठरली.

१९३९ सरता सरता लायनचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ जर्मनीतून निसटून आला. युद्ध पेटलेलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर तो सुटला नसता. वुल्फ छायाचित्रकार होता. पुढची पंचवीस-तीस वर्षं घामाने डबडबलेले वादक, सिगारेटचा धूर, डोळे मिटलेला ड्रमवाला, हे जे ‘ब्लू नोट’चं रूप आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते त्याचं. १९५६ पासून रीड माइल्सने ते फोटो कापून, ठळक अक्षरांशी जुळवून मुखपृष्ठं केली. गंमत म्हणजे माइल्सला स्वतःला जॅझपेक्षा अभिजात संगीत आवडायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. छोटी कंपनी म्हटलं की सगळं घाईचं असे. वादक स्टुडिओत जमायचे, सगळ्यांना ठाऊक असलेल्या चाली घ्यायचे, काही तासांत पैसे घेऊन घरी. लायन नवीन रचना मागायचा. नवीन रचना बसवायला तालीम लागते, आणि तालमीचे कोण देणार? लायन द्यायचा. मुद्रणाआधी एक-दोन दिवसांची तालीम, तिचा वेगळा मोबदला. त्यामुळेच हॉरेस सिल्व्हर, आर्ट ब्लेकी किंवा १९५७ मधलं कोल्ट्रेनचं ‘ब्लू ट्रेन’ ऐकताना मंडळी आज सकाळी भेटली असं वाटत नाही. मुद्रण रूडी व्हॅन गेल्डर करायचा. हे गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासत आणि हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत! १९५९ मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला.

आणि थेलोनियस मंक. सॅक्सोफोनवादक आइक क्वेबेकने लायनला त्याच्याकडे नेलं. मंकचा पियानो तेव्हा बऱ्याच जणांना चुकल्यासारखा वाटायचा. १९४७ ते १९५२ या काळात लायनने त्याला सहा वेळा स्टुडिओत बसवलं. रेकॉर्डी खपत नव्हत्या. १९५१ मध्ये मंकचा क्लबमध्ये वाजवण्याचा परवाना पोलिसांनी काढून घेतला. त्यावाचून न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता येत नसे. तरी पुढच्या वर्षी लायनने त्याचं आणखी एक मुद्रण केलं. हिशेबाच्या वहीत हा निव्वळ तोटा होता.

पण आम्हाला लायनला संत करून देव्हाऱ्यात बसवायचं नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रचनेच्या प्रकाशनहक्कात वाटा मागणं त्याच्याही कंपनीत चालायचं. १९६२ मध्ये तरुण हर्बी हॅनकॉकला डोनाल्ड बर्डने आधीच पढवून ठेवलं होतं : हक्क द्यायचे नाहीत, ते माझ्या स्वतःच्या प्रकाशनाकडे आहेत म्हणून सांगायचं. हॅनकॉक तसं म्हणाला, लायन थोडा थांबला आणि कबूल झाला. त्याच रेकॉर्डवर ‘वॉटरमेलन मॅन’ होतं, ज्याने हॅनकॉकला पुढे भरपूर पैसा मिळवून दिला. ज्यांना कोणी पढवलं नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

बरं, एवढं करून कंपनी बुडाली का? नाही, आणि इथेच मेख आहे. ती अडचणीत आली यशामुळे. ली मॉर्गनचं ‘द साइडवाइंडर’ १९६४ मध्ये अनपेक्षितपणे जोरात खपलं. पाठोपाठ सिल्व्हरचं ‘साँग फॉर माय फादर’. आपल्याला वाटेल, छान झालं. पण व्यवहार बघा. मागणी आली की हजारो प्रती आधी छापायच्या, त्याचे पैसे कारखान्याला लगेच द्यायचे. वितरक मात्र माल उधारीवर उचलणार आणि सावकाश देणार. मोठ्या कंपनीला हे झेपतं, दोन माणसांच्या कंपनीची तिजोरी रिकामी होते. वर वितरकांचा तगादा : पुढचं ‘साइडवाइंडर’ कुठाय? म्हणून त्या काळच्या कितीतरी ‘ब्लू नोट’ रेकॉर्डींची पहिली चीज तशाच ठेक्याची आहे, कान देऊन ऐका. लायन थकला होता. १९६५ मध्ये त्याने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली, दोन वर्षांनी निवृत्त झाला आणि पत्नी रूथसह मेक्सिकोला गेला. वुल्फ मागे राहून काम करत राहिला, तो १९७१ मध्ये वारला.

तर निर्माता काय करतो? लायनच्या बाबतीत एक उत्तर कपाटात पडून होतं. सत्तरच्या दशकात मायकेल कस्कुना नावाच्या माणसाने कंपनीची जुनी टेपची कोठारं उघडली, तेव्हा ढीगभर पूर्ण झालेली, पण बाजारात कधीच न आलेली मुद्रणं सापडली. अँड्र्यू हिल या पियानोवादकाचीच किती तरी होती. त्याच्या रेकॉर्डी खपत नाहीत हे लायनला पक्कं ठाऊक होतं. तरी तो त्याला बोलावत राहिला, तालमीचे आणि मुद्रणाचे पैसे देत राहिला. त्या टेप एकेक करून बाहेर आल्या. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ‘ब्लू नोट’चा मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा सत्त्याहत्तरीला आलेला लायन तो ऐकायला प्रेक्षकांत होता. दोनच वर्षांनी, २ फेब्रुवारी १९८७ ला, तो कॅलिफोर्नियात वारला. हिलच्या टेप त्यानंतरही निघतच होत्या.