सलूनचं चित्र कसं बघायचं?

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोच्या आसपासचं कुठलंही छोटं सलून घ्या. आरसा, कॅलेंडर, पावडरचा डबा, मान खाली घातलेलं गिऱ्हाईक. यात चित्र काढण्यासारखं काय आहे? भूपेन खख्खरला विचारा! १९३४ साली मुंबईत जन्मलेला हा चार्टर्ड अकाउंटंट बडोद्याला गेला, हिशेबाची नोकरी सांभाळत चित्रकार झाला आणि १९७२-७३च्या सुमारास त्याने घड्याळजी, शिंपी आणि न्हावी रंगवले. सपाट, भडक रंग, थेट बाजारातल्या कॅलेंडरचे. तेव्हाच्या 'उच्च अभिरुची'ला ते झोंबणारच होतं. माझ्या मते मुद्दा तोच आहे: तो या माणसांची कीव करत नाही, त्यांना थोरही करत नाही.

आता अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं 'शफलटन्स बार्बरशॉप' बघा. २९ एप्रिल १९५०च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ. आपण काचेबाहेर उभे, दुकान अंधारलेलं, खुर्ची रिकामी, एक मांजर. उजेड मात्र मागच्या खोलीत, तिथे काही म्हातारे वाद्यं वाजवत बसलेत. म्हणजे सलूनच्या चित्रात केस कापणंच नाही! (मला हे खख्खरपेक्षा जरा जास्तच गोड वाटतं.)

अशी चित्रं बघताना आधी उजेड कुठून येतो ते शोधा, मग कोण कोणाकडे बघतंय ते.

हीच युक्ती अमृता शेरगिलच्या 'ब्राइड्स टॉयलेट'वर करून बघा. वेणीफणीचं हे चित्र १९३७चं, अजिंठा पाहून आल्यानंतरचं.