मूळ रेषेचे मोल

राजा रविवर्मा यांचे मूळ तैलचित्र आणि घरोघरी टांगलेली छापील तसबीर यांतील अंतर वडोदरेकरांना सांगावे लागत नाही. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात ते प्रत्यक्ष दिसते. राजकीय व्यंगचित्राच्या बाबतीत मात्र आपण कात्रणावरच समाधान मानतो. १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आणि १९६० पासून ‘मार्मिक’मधील बाळासाहेब ठाकरे यांचे फटकारे असंख्य वाचकांपर्यंत पोहोचले. पण ब्लॉक तयार झाला की मूळ चित्राचे काम संपले, असेच वृत्तपत्रसृष्टीत पुष्कळदा मानले गेले.

वस्तुतः पेन्सिलीची पुसट रेघ, पांढऱ्या रंगाखाली झाकलेली दुरुस्ती, छपाईसाठीची सूचना हे सारे मूळ कागदावरच आढळते. ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठाने १९७३ मध्ये अशा चित्रांच्या जतनाचे कार्य आरंभिले.

संग्राहकाने चित्र आम्लविरहित कागदात, ऊन व दमटपणापासून दूर ठेवावे. सोबत दिनांक आणि प्रसंग अवश्य नोंदवावा. रुग्णाच्या पूर्ववृत्तावाचून क्ष-किरण चित्र अपुरे, तसेच प्रसंगावाचून व्यंगचित्र मुके. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद असेल, तर घराच्या आवराआवरीत तो रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा.