पोष ग्रंथी आणि रक्तदाबाचे नियमन

वर्धा जिल्ह्यात शेतीच्या हंगामात सर्पदंशाचे रुग्ण रुग्णालयात येतात, हे येथील वैद्यकास नवीन नाही. घोणशीच्या दंशानंतर प्रतिविष दिले, शिरेवाटे लवणजल दिले, तरी क्वचित एखाद्या रुग्णाचा रक्तदाब वर येत नाही व रक्तातील शर्कराही खालावते. अशा वेळी दोष केवळ हृदयात वा रक्तवाहिन्यांत न शोधता, मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे अर्धा ग्रॅम वजनाच्या पोष ग्रंथीकडे लक्ष देणे अगत्याचे ठरते. घोणशीच्या विषाने या ग्रंथीचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो, हे ब्रह्मदेश व दक्षिण भारतातील रुग्णांवरून सिद्ध झाले आहे.

या ग्रंथीचा अर्क रक्तदाब वाढवितो, हे ऑलिव्हर व शेफर यांनी १८९५ साली दाखविले. हा गुण पश्च खंडाचा आहे, असे १८९८ साली हॉवेल यांनी निश्चित केले. त्यास कारण असलेले व्हॅसोप्रेसिन हे हॉर्मोन अधोथॅलॅमसात निर्माण होते व पश्च खंडात केवळ साठविले जाते. वैशाखात येथील उन्हात घामावाटे पाणी गेले, की रक्ताची तर्षणता वाढते. ही वाढ १ ते २ टक्के झाली तरी व्हॅसोप्रेसिन स्रवते आणि वृक्क पाणी राखून ठेवतात. उलट, रक्ताचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी घटल्यावरच त्याचा स्राव जोमाने वाढतो; तेव्हा ते रोहिणिकांचे आकुंचनही घडविते. म्हणजे नित्याचे कार्य जलरक्षणाचे, तर आणीबाणीतील कार्य दाबरक्षणाचे होय.

अग्र खंडाचा मार्ग अप्रत्यक्ष आहे. त्यातील एसीटीएच हे हॉर्मोन अधिवृक्क ग्रंथीकडून कॉर्टिसॉल स्रवविते. कॉर्टिसॉलच्या अभावी रोहिणिकांच्या भित्ती नॉरॲड्रेनॅलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. लवणजलाने दाब सावरत नाही, याचे इंगित येथे आहे. अल्डोस्टेरोनाचे नियंत्रण मुख्यत्वे वृक्कांतील रेनिनाकडे असल्याने या रुग्णांत पोटॅशियम सहसा वाढत नाही. अधिवृक्क ग्रंथीच नष्ट झाल्यास मात्र ते वाढते. निदानात हा भेद उपयुक्त ठरतो. याउलट, एसीटीएचचा अतिरेक झाल्यास रक्तदाब वाढतो. पोष ग्रंथीतील अर्बुदाशी असलेले या विकाराचे नाते कुशिंग यांनी १९३२ साली वर्णिले. वृद्धी हॉर्मोनाच्या अतिरेकातही सोडियम साचून रक्तदाब वाढू शकतो.

प्रसूतीसमयी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या पोष ग्रंथीचीही अशीच हानी होते. तिला दूध न येणे, पाळी पुन्हा सुरू न होणे व पुढे वर्षानुवर्षे थकवा राहणे, ही तिची चिन्हे होत. म्हणून अकारण न्यून रक्तदाब आढळल्यास पूर्वीचा सर्पदंश व प्रसूती यांविषयी आवर्जून विचारावे. संकटावस्थेत तपासणीसाठी रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन द्यावे. अवटु हॉर्मोन त्यानंतरच सुरू करावे. कारण ते आधी दिल्यास उरलेसुरले कॉर्टिसॉलही वेगाने खर्ची पडते आणि रुग्ण दगावण्याचा संभव असतो.