धुण्याच्या टबापासून कारखान्यापर्यंत

“धंदा आपल्या रक्तात नाही, मुलाने आपली नोकरीच धरावी,” असे आपल्या घराघरांतून आजही ऐकू येते. रक्ताची ही भाषा कोणाची, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच ज्या अमेरिकेत बाबासाहेब शिकले, तेथील उद्योगाचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा इतिहास तेथे गुलामीत खितपत पडलेल्या कृष्णवर्णीयांच्या बाजूने पाहिला, तर आपल्यालाही त्यातून पुष्कळ शिकता येईल.

आरंभीच्या अमेरिकेत उद्योजक म्हणजे लहान कारागीर, दुकानदार आणि व्यापारी. दक्षिणेतील कापसाची श्रीमंती मात्र गुलामांच्या घामावर उभी होती. त्या काळातही न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या स्वतंत्र कृष्णवर्णीय शिंप्याने कपडे स्वच्छ करण्याची नवी पद्धत शोधून १८२१ साली तिचे पेटंट मिळविले. असे पेटंट मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो. मिळालेला पैसा त्याने आपल्या कुटुंबाला गुलामीतून सोडविण्यासाठी खर्च केला.

१८६५ साली गुलामगिरी संपली. त्याच वर्षी मुक्त झालेल्यांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. मजुरांनी, सैनिकांनी, मोलकरणींनी तिच्यात पै-पै टाकली. पण वरच्यांनी तो पैसा भलत्याच व्यवहारांत अडकविला. शेवटच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखा थोर नेता अध्यक्ष म्हणून आणला गेला, पण तोवर बँक आतून पोखरली होती. १८७४ साली ती बुडाली. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. समाजाच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा हिशेब समाजाने डोळ्यांत तेल घालून तपासला पाहिजे, हा धडा आपणही गाठीला बांधावा.

तरीही ही माणसे खचली नाहीत. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मॅगी वॉकर या धोबिणीच्या लेकीने १९०३ साली सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. नावातच ‘पेनी’ होती, म्हणजे अगदी चिल्लर नाण्याचीही तेथे कदर होती. अमेरिकेत बँक स्थापन करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

दुसरी वॉकर म्हणजे मादाम सी. जे. वॉकर. १८६७ साली लुईझियानात जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात एक लेक. कित्येक वर्षे तिने लोकांची धुणी धुतली. पुढे केसांच्या निगेची औषधे तयार करून दारोदार विकली आणि १९१० साली इंडियानापोलिस येथे बस्तान बसवून कारखाना उभारला. तिने हजारो स्त्रियांना विक्रीचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती स्वतःची मिळकत दिली. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्धच्या लढ्याला १९१९ साली तिने ५ हजार डॉलर देऊ केले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेमची वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. १९१५ साली एम. ए.साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो बंद पडला. यात उणीव ज्ञानाची होती की बाजाराच्या मनाची?

अमेरिकेतही हेच. ओक्लाहोमातील टल्सा शहरात ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली पेठ होती. १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत तिची राखरांगोळी केली. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली.

या काळात उद्योगाचे रूपही बदलत होते. फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारी तयार होऊ लागल्या आणि धंद्याला प्रचंड भांडवल लागू लागले. पुढे संगणकाचे युग आले. १९७६ साली घरच्या गॅरेजात ॲपल कंपनी सुरू झाली, ही कथा आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण गॅरेज असायला आधी घर हवे! १९३० च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून तेथे घरकर्ज नाकारले जाई. ज्याला घर नाही, त्याने तारण काय ठेवावे? १९४२ साली शिकागोच्या जॉन जॉन्सनला मासिक काढायचे होते. त्याच्या आईने घरातले फर्निचर गहाण ठेवले, तेव्हा ५०० डॉलर मिळाले. त्यातूनच पुढे १९४५ साली ‘एबनी’ हे गाजलेले मासिक निघाले.

कायदा मात्र सावकाश आला. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६८ चा घरांबाबतचा कायदा, १९७४ चा कर्जातील भेदभावाविरुद्धचा कायदा, हे सारे चळवळीचे फळ होय. कर्तबगारी आधीही होतीच. अडत होते ते पतीपाशी.

आपल्याकडेही २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना उभी केली. पण एवढ्याने भागणार नाही. १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले होते. तेव्हा चार जण श्रीमंत होणे हे आपले ध्येय नव्हे. मादाम वॉकरप्रमाणे आपल्याबरोबर इतरांना उभे करील, तोच उद्योग आपला.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडीअडचणीसाठी. माता-भगिनींनो, आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा आणि घरच्या मिळकतीचे असे चार भाग वहीत मांडून पाहा. व्यवसायाचे दोन भाग आज रिकामे राहतील. तरी ती पाने फाडू नका.

जयभीम!