रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्याला देऊ नका

वस्तीतल्या घराघरांत औषधांचा एक डबा असतो. कुठे तो बिस्किटांचा जुना डबा असतो, कुठे मेडिकलवाल्याने दिलेली पिशवीच खिळ्याला टांगलेली असते. घरात पन्नाशी ओलांडलेले माणूस असले की त्यात बीपीची गोळी असते, शुगरची असते आणि पुष्कळदा त्यांच्यासोबत एक बारीकशी गोळी असते. तिचे खरे नाव अ‍ॅस्पिरिन. पाकिटावर इकोस्प्रिन किंवा दुसऱ्या कंपनीचे नाव असते, पुढे ७५ किंवा १५० हा आकडा असतो. आपण तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो.

गोळी अगदी स्वस्त. मेडिकलवर मागितली की बहुतेक ठिकाणी चिठ्ठी न पाहता मिळते. त्यामुळे होते असे, की एकाला अटॅक येऊन गेल्यावर डॉक्टरांनी ती लिहून दिली, तर त्याचे पाहून मेहुणा सुरू करतो, मेहुण्याचे पाहून शेजारी. विहाराच्या पायरीवर संध्याकाळी बसलेल्या मंडळींत असे बोलणे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे : ‘भाऊ, रोज एक घेत जा, अटॅक जवळ येत नाही.’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण जी गोळी एकाचा जीव वाचवते तीच दुसऱ्याच्या पोटात रक्तस्राव करू शकते. कोणाला काय होईल हे दोघांचे वय सारखे आहे की नाही यावर ठरत नाही. पहिला प्रश्न असतो तो हा, की त्या माणसाला अटॅक किंवा लकवा आधी येऊन गेला आहे का?

हे समजायला गोळी करते काय ते पाहू. वरणात पाणी ओतल्यावर वरण पातळ होते, तसे रक्त या गोळीने पातळ होत नाही. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. डेंग्यूच्या दिवसांत ‘प्लेटलेट किती झाल्या?’ असे आपण विचारतो, तेच हे कण. जखम झाली की ते एकमेकांना चिकटून गुठळी करतात आणि रक्त थांबवतात. अ‍ॅस्पिरिन त्यांचा हा चिकटपणा घालवते. एका गोळीने बिघडलेले कण पुन्हा सुधारत नाहीत. नवे कण तयार होऊन सगळी अदलाबदल व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून इतक्या कमी मात्रेची गोळीही पुरते.

हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर फुटला की त्या जागी अशीच गुठळी होते, रक्त अडते आणि अटॅक येतो. तिथे हा चिकटपणा कमी झालेला बरा. पण पोटात जखम असेल, मेंदूत बारीक रक्तवाहिनी फुटली असेल, तर तिथे रक्त थांबायलाच हवे, आणि गोळी तिथेही आडवी येते. शिवाय जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारे द्रव्यही ही गोळी कमी करते. एकाच गोळीची ही दोन्ही कामे आहेत. फक्त चांगले तेवढे घेऊ, असे म्हणता येत नाही.

ज्यांनी ती सोडायची नाही

ज्यांना अटॅक येऊन गेला, ज्यांच्या हृदयात स्प्रिंग म्हणजे स्टेंट बसवली, ज्यांचे बायपास झाले किंवा ज्यांना गुठळीमुळे लकवा मारला, त्यांच्यासाठी ही गोळी फार मोलाची आहे. १९८८ साली १७,१८७ रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अटॅकची शंका असलेल्या निम्म्या रुग्णांना महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने दुसऱ्या गटात हजारी ११८ माणसे दगावली, अ‍ॅस्पिरिनच्या गटात ९४. हजारात चोवीस जीव, आणि तेही इतक्या स्वस्त गोळीने. पुढेही ती चालू ठेवली तर पुन्हा अटॅक किंवा लकवा येण्याचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी राहतो.

म्हणून अशा माणसांनी गोळी मनाने बंद करण्याची आम्हाला फार भीती वाटते. आणि आपल्याकडे ती बंद होते. ‘आता बरे वाटते’ म्हणून होते. गावी गेल्यावर पाकीट संपते आणि तालुक्याला जाऊन आणणार कोण, म्हणून होते. दात काढायचा आहे म्हणूनही होते. कोणी दुसरा सांगतो, ‘पोट जाळते ती, सोडून दे.’ स्टेंट बसवून थोडेच महिने झालेले असताना गोळ्या एकदम थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक जिवावरचा असतो. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा. बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढता येतो. पोटात जळजळ होत असेल तर त्यासाठी सोबत आम्ल कमी करणारी गोळी देता येते. बंद करायची की नाही ते हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

ज्यांना अजून काही झालेले नाही

आता उरलेल्यांचे. अटॅक नाही, लकवा नाही, पण बीपी आहे, शुगर आहे किंवा नुसतीच भीती आहे. अशांनी आधीच गोळी घेतली तर?

बरीच वर्षे डॉक्टरही अशांना ती सरसकट देत असत. मग मोठे अभ्यास झाले. ब्रिटनमध्ये शुगर असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० माणसांवर सात वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवले गेले. २०१८ साली निष्कर्ष आले. गोळी न घेणाऱ्यांत हजारी ९६ जणांना अटॅक, लकवा यांसारखा मोठा त्रास झाला, घेणाऱ्यांत ८५ जणांना. म्हणजे अकरा जण वाचले. पण मोठा रक्तस्राव न घेणाऱ्यांत हजारी ३२ जणांना झाला, घेणाऱ्यांत ४१ जणांना. म्हणजे नऊ जण नव्याने अडचणीत आले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जवळजवळ सगळे काढून घेतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते. त्यांना गोळीचा फायदा दिसलाच नाही, रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने साठीपुढच्या माणसांनी अटॅक टाळण्यासाठी ही गोळी नव्याने सुरू करू नये, असा सल्ला दिला.

यावर आपल्यातले वाचणारे तरुण म्हणतील, ‘ते परदेशातले. आपल्या लोकांना अटॅक लवकर येतो.’ खरे आहे. दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी, असे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. पण तो लवकर का येतो, तेही त्याच अभ्यासाने दाखवले. तंबाखू, बीपी, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर ही कारणे आपल्याकडे कमी वयातच गाठतात. तंबाखू-चुन्याची पुडी दिवसातून चारदा मळायची, बीपीची गोळी ‘डोके दुखले तरच’ घ्यायची आणि वर अ‍ॅस्पिरिन घेऊन निर्धास्त व्हायचे, हे गणित जुळत नाही. उलट बीपी आवाक्यात नसताना ही गोळी घेतली तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती जास्त. मिश्री लावणाऱ्या आमच्या भगिनींनी ‘ती काय दातालाच लावतो’ असे म्हणू नये, तीही तंबाखूच आहे. बीपी आणि शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपला दवाखान्यात तपासून मिळते. पैसा आणि वेळ घालवायचाच असेल तर आधी तिथे घालवावा.

एखाद्याचा धोका खरोखर जास्त असेल, वय चाळीस ते साठच्या मध्ये असेल आणि रक्तस्रावाचे काही कारण नसेल, तर डॉक्टर हिशेब करून गोळी सुरू करू शकतात. पण तो हिशेब डॉक्टरांनी करायचा, शेजाऱ्याने नाही.

अंगदुखीची गोळी सोबत असेल तर

आपल्या वस्त्यांत खरा धोका इथे आहे. नाक्यावर बांधकामाला जाणारा माणूस, सफाईच्या कामावरचा माणूस, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांच्या कंबर-गुडघ्यांना आराम नाही. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून सकाळी अंगदुखीची गोळी घेऊनच बाहेर पडायचे. ही गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असते. कॉम्बिफ्लॅममध्येही आयब्युप्रोफेन आहे. या गोळ्या जठराच्या अस्तराला अ‍ॅस्पिरिनसारखाच मार देतात. दोन्ही रोज घेतल्या तर पोटात अल्सर होऊन रक्त जाण्याचा धोका बराच वाढतो. त्यात उपाशीपोटी काम आणि संध्याकाळी दारू असेल तर विचारायलाच नको. शिवाय आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ती अ‍ॅस्पिरिनचे हृदयासाठीचे काम अडवते. म्हणजे स्टेंट असलेला माणूस दोन्ही गोळ्या घेतो, पोट बिघडवून घेतो आणि हृदयाला पुरते संरक्षणही मिळत नाही. दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल घ्यावी, तीही ठरलेल्या मात्रेतच. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या देणारे येतात, त्यांच्या पुडीत काय आहे ते कोणालाच माहीत नसते. त्या अ‍ॅस्पिरिनसोबत तर मुळीच नकोत.

पोटातला रक्तस्राव पुष्कळदा दुखत नाही. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट काही पडते. जिना चढताना धाप लागते, चेहरा पांढरा पडतो. आपल्याकडे याला ‘पित्त झाले’, ‘अशक्तपणा आला’ म्हणतात आणि टॉनिक आणतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, त्यामुळे आशाताईंनी दिलेल्या गोळ्या घेणाऱ्या बाईने एकदम घाबरू नये. पण त्या चालू नसताना काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त आधीच कमी आहे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्णही आहेत. मुळात रक्त कमी असलेल्या माणसाला थोडाही रक्तस्राव महागात पडतो. वरचेवर नाकाचा घोळणा फुटणे, हिरड्यांतून रक्त येणे, न लागता अंगावर निळे डाग पडणे हेही डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे. अल्सर होऊन गेला असेल, दमा असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच सांगावे. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने दम्याचा झटका येतो.

पोटात न विरघळणारे आवरण असलेली गोळी सुरक्षित, असाही एक समज आहे. आवरणामुळे जळजळ कमी वाटेल, पण रक्तात गेल्यावर तिचे काम तेच.

आणखी एक गोष्ट डबा उघडून आजच पाहा. नावापुढे ‘एव्ही’ लिहिलेल्या इकोस्प्रिनमध्ये अ‍ॅस्पिरिनसोबत चरबीचे औषध असते, ‘गोल्ड’मध्ये रक्त पातळ करणारे दुसरे औषधही असते. सरकारी दवाखान्यातून साधी अ‍ॅस्पिरिन मिळाली आणि खासगी डॉक्टरांनी अशी जोडगोळी लिहिली, तर माणूस नकळत दोन्ही घेतो. डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, नावे पाठ असण्याची गरज नाही. काही झालेले नसताना वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्यांनीही तसेच करावे आणि पुढे चालू ठेवायची का, ते विचारावे.

छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गोळी द्यायची का ते त्यांनाच विचारा. द्या म्हणाले तर तीनशेच्या आसपास मात्रेची साधी गोळी चावून खायची असते, म्हणजे ती लवकर लागू पडते. पण तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नका. लकवा गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. उपचाराच्या खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि स्टेंटचाही समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत हाताशी असू द्या.

काही गरोदर बायांना बीपी वाढण्याचा धोका पाहून डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. तिथे ती बाळ-बाळंतिणीच्या भल्यासाठीच असते. ‘पोरीचे रक्त पातळ होईल’ म्हणून सासूबाईंनी ती लपवून ठेवू नये.

पावसाळ्यात ताप आला की मात्र घरातली डिस्प्रिन कोणालाही देऊ नका, तिच्यात अ‍ॅस्पिरिनच आहे आणि ती रोजच्या बारीक गोळीच्या चौपटीहून जास्त. ताप डेंग्यूचा निघाला तर प्लेटलेट आधीच घटत असतात, त्यात अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. लहान मुलांना तर ताप, फ्लू, कांजिण्यांत ती देऊच नये. त्यांच्या मेंदूला आणि यकृताला इजा करणारा दुर्मीळ पण घातक आजार तिच्यामुळे होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल द्यावी. आणि स्टेंट बसवलेल्या माणसालाच डेंग्यू झाला, तर अ‍ॅस्पिरिन थांबवायची की चालू ठेवायची हे प्लेटलेटचा आकडा पाहून डॉक्टर ठरवतील. केसपेपर काढतानाच स्टेंटचे सांगा आणि स्टेंटचे जुने कागद सोबत न्या.