छंदाच्या मोटारींस रंग देण्यासाठीं एअरब्रश कसा निवडावा?

दिवाळीच्या सुट्टींत अंगणांत मातीचा किल्ला रचणारीं मुलें आमच्या शहापूर-मुरबाडकडे अद्यापि आहेत. परंतु त्यांपैकीं कांहींच्या टेबलावर आतां मोटारींचे नमुनेहि दिसूं लागले आहेत. हे नमुने दोन जातींचे. पहिले खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचे, सुटे भाग चिकटवून तयार करावयाचे व कपाटांत मांडून ठेवावयाचे. दुसरे दहाव्या हिश्शाचे, रेडिओच्या लहरींवर अंगणांत धांवणारे. दोहोंचेंहि अर्धें सौंदर्य रंगांत असतें. साध्या कुंचल्यानें रंग दिला तर केसांच्या रेघा उमटतात, रंग कोठें दाट तर कोठें विरळ बसतो, आणि महिनाभर खपून जोडलेली गाडी जत्रेंतल्या खेळण्यासारखी दिसूं लागते. मग मुलगा किंवा नातू एके दिवशीं एअरब्रशची मागणी करतो, आणि घरांतील वडील मंडळींस प्रश्न पडतो कीं, ही वस्तु काय आहे, तींतली कोणती घ्यावी, आणि नांदत्या घरांत ती चालवूं द्यावी काय? या तीन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

एअरब्रश म्हणजे हवेच्या जोरानें रंग फवारणारी लेखणी. ती शाईच्या पेनाहून थोडीशीच मोठी असते. आंत एक लांब निमुळती सुई, आणि टोंकाशीं तितकीच बारीक चोंच, जिला नॉझल म्हणतात. सुई मागें सरकली कीं चोंच उघडते; तिच्याभोंवतीं वेगानें वाहणाऱ्या हवेमुळें तेथील दाब कमी होतो, रंग बाहेर ओढला जातो आणि त्याचे धुक्यासारखे तुषार होतात. कुंचला वस्तूला टेकतो. हा टेकत नाहीं. म्हणून याची रेघ उमटत नाहीं.

या यंत्राचा पहिला अवतार अमेरिकेंत आयोवा प्रांतीं अॅब्नर पीलर नामक गृहस्थानें १८७९ सालीं सिद्ध केला. पुढें १८९३ मध्यें चार्ल्स बर्डिक यानें रंग व हवा यांचा संयोग लेखणीच्या आंतच होईल अशी रचना केली. आजच्या बहुतेक चांगल्या लेखण्या त्याच वंशांतल्या आहेत. आपल्या घरांतहि ही कला अपरिचित नाहीं. ज्यांनीं जुने दिवाळी अंक जपून ठेविले असतील, त्यांनीं रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांचीं मुखपृष्ठें काढून पाहावीं. देवतांच्या गालांवरील ती मऊ, कोठें सुरू झाली व कोठें संपली हें न कळणारी छटा फवाऱ्याच्या तंत्रानें साधलेली आहे.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीची अंगकांति आतां फवाऱ्यानें देतात. परंतु डोळ्यांची आखणी मात्र कुशल कारागीर बारीक कुंचला घेऊन हातानेंच करितो. या एका गोष्टींत निवडीचें अर्धें शास्त्र आलें. जेथें विस्तीर्ण, गुळगुळीत व एकसारखी छटा हवी, तेथें फवारा. जेथें रेघ हवी, तेथें कुंचला. मोटारीचें टप, दरवाजे व बॉनेट ही तिची अंगकांति. दिव्यांची कड, दारांच्या मुठी व चांदीसारखी पट्टी ही तिची आखणी. केसाएवढी रेघ मारणारा महागडा एअरब्रश हवा असा मुलाचा हट्ट असेल, तर त्याला हें उदाहरण सांगावें. गाडीच्या अंगाला त्या नाजूक लेखणीची गरज नाहीं.

शास्त्रग्रंथ हातीं घेतांना विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. तीच येथें लावावी. विषय म्हणजे कोणती गाडी, प्रयोजन म्हणजे ती मांडावयाची कीं पळवावयाची, संबंध म्हणजे लेखणी, रंग आणि हवा यांचा मेळ, आणि अधिकारी म्हणजे ज्याच्या हातीं ती जाणार तो मुलगा. दुकानदाराच्या जाहिरातींत या चारांपैकीं एकाचाहि विचार नसतो.

अधिकारी प्रथम घेऊं. लेखण्यांचे मुख्य भेद दोन. सिंगल अॅक्शन लेखणींत खटका दाबला कीं हवा व रंग एकदम येतात. रंगाचें प्रमाण स्क्रू फिरवून आधींच ठरवावें लागतें. कांहींत तर रंग व हवा चोंचीच्या बाहेर एकत्र येतात. अमेरिकेच्या बॅजर कंपनीची ३५० क्रमांकाची लेखणी या जातीची आहे. ती स्वस्त, दणकट आणि धुण्यास सोपी. पण तिचा फवारा जरा भरड, आणि हात चालत असतां रंग कमीअधिक करतां येत नाहीं. डबल अॅक्शन लेखणींत खटका खालीं दाबला कीं हवा, आणि मागें ओढला कीं रंग, अशीं दोन कामें एकाच बोटाकडे असतात. बोटाला ही संवय लागण्यास कांहीं दिवस जातात. पण एकदां लागली कीं छटा मनाजोगी उतरते. दहा-बारा वर्षांच्या मुलानें पहिल्यानें सिंगल अॅक्शन घेतली तर हरकत नाहीं. त्याहून मोठा, आणि दोनचार नमुने नेटानें पुरे केलेला मुलगा असेल, तर डबल अॅक्शनच घ्यावी. नाहीं तर वर्षाच्या आंत दुसरा खर्च उभा राहतो.

आतां विषय. साडेचार मीटर लांबीची गाडी चोविसाव्या हिश्शानें सुमारें १९ सेंटिमीटर होते आणि दहाव्या हिश्शानें ४५. पहिलीस ०.३ मिलिमीटरची चोंच उत्तम, दुसरीस ०.५ मिलिमीटरची सोयीची, नाहीं तर एक थर देतां देतां पहिला भाग वाळून जातो. ०.२ ची चोंच नाजूक. चमकीच्या रंगांतील कणांनीं ती चटकन तुंबते. रंगाची वाटी लेखणीच्या डोक्यावर असेल तर रंग आपल्या वजनानें उतरतो, हवेचा जोर कमी पुरतो आणि थेंबभर रंगांतहि काम होतें. बाटली खालीं लटकत असेल तर रंग वर ओढावा लागतो. मात्र पुष्कळ रंग एकदम भरतां येतो. तेव्हां कपाटांतल्या गाड्यांसाठीं डोक्यावर वाटी, डबल अॅक्शन आणि ०.३ ची चोंच, हें लक्षण ध्यानांत ठेवावें. जपानच्या इवाता कंपनीची एचपी-सीएस हें याचें जवळचें उदाहरण; तिची चोंच मात्र ०.३५ मिलिमीटरची असते. दोन्ही प्रकारच्या गाड्या करणाऱ्यानें चोंच व सुई बदलतां येईल अशी लेखणी पाहावी. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेक कंपनीच्या कांहीं लेखण्यांत ही सोय असते.

येथवरचा विचार बहुतेक मुलें स्वतःच करतात. वडील मंडळींनीं लक्ष घालावें तें पुढील दोन गोष्टींत, म्हणजे हवा आणि श्वास यांत.

लेखणी कितीहि चांगली असली तरी हवा धडधडत, कमीजास्त जोरानें आली तर रंग थुंकल्यासारखा उडतो. म्हणून कॉम्प्रेसरला हवा सांठविण्याची टाकी असावीच. छंदासाठीं ३ लिटरची पुरते. आंतील दाब ४ बार झाला कीं यंत्र आपोआप थांबतें व ३ बारला उतरला कीं पुन्हां सुरू होतें. लेखणीस लागणारा दाब याहून पुष्कळ कमी, चौरस इंचास १५ ते २५ पौंड. तो ठरविण्यासाठीं रेग्युलेटर व तबकडी हवी. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज जाते-येते. अशा वेळीं टाकींतील हवेनें हातांतला फेरा तरी पुरा होतो.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला आणखी एक वस्तु अत्यावश्यक आहे. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजपर्यंतच्या या पट्ट्यांत आषाढ-श्रावणांत कपडे आठआठ दिवस वाळत नाहींत. ती ओलसर हवा कॉम्प्रेसरमध्यें दाबली जाऊन तापते, नळींत निवते, आणि तिचें पाणी होऊन नेमकें गाडीच्या टपावर येऊन पडतें. तें अडविणाऱ्या गाळणीस मॉइश्चर ट्रॅप म्हणतात. ती नसेल तर कॉम्प्रेसर घेऊंच नये. शिवाय लॅकर जातीचा रंग वाळतांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दंव धरतें आणि चकचकीत लाल रंगावर पांढुरकी झांक येते. याला गाळणीचाहि उपाय नाहीं. आमच्या मतें या भागांत पावसाळ्यांत गाडी जोडावी आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत रंगवावी.

आतां श्वास. एकत्र कुटुंबांत एका खोलींत छंद, दुसरींत तान्हें मूल आणि तिसरींत दम्याचे आजोबा असतात. फवाऱ्याचे तुषार इतके सूक्ष्म असतात कीं ते दिसेनासे झाल्यावरहि हवेंत तरंगत राहतात. म्हणून आरंभीं पाण्यांत विरघळणारे अॅक्रिलिक रंगच घ्यावेत. मात्र तेहि श्वासावाटें जाऊं देऊं नयेत. लॅकर व त्याचें थिनर यांची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत सरकत देवघरांतील समईपर्यंत किंवा स्वयंपाकघरांतील शेगडीपर्यंत पोंचूं शकते व पेट घेते. हें काम पडवींत अथवा गच्चीवर, विस्तवापासून दूर करावें. आंतच करावयाचें तर तुषार खिडकीबाहेर फेंकणारी पंख्याची पेटी लावावी. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाहीं. त्यासाठीं कोळशाच्या गाळणीचा मुखवटा लागतो. दोन भाग मिसळून करावयाचा युरेथेनचा चकाकीचा लेप मोटारीच्या गॅरेजमध्यें वापरतात. त्यांतील आयसोसायनेटनें दमा जडूं शकतो. तो घरांत आणूंच नये. नमुन्याला तितकी चकाकी नसली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. छातीचें मात्र बिघडतें.

संबंधाविषयीं थोडेंसें. कपाटांतल्या गाडीचें अंग पॉलिस्टायरिनचें असतें. तें बाहेरून रंगवितात. पळणाऱ्या गाडीचें अंग पॉलिकार्बोनेटचें, पारदर्शक असतें. तें आंतून रंगवितात. जुन्या वाड्यांतून कांचेच्या मागच्या बाजूनें काढलेलीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ही उलटी रीत लगेच कळेल. समोर दिसावयाचें तें आधीं, पार्श्वभूमि नंतर. गडद रंग आधीं, फिकट नंतर. रंगहि त्या अंगाबरोबर वांकणारा, खास त्याच जातीचा हवा. पातळपणा दुधासारखा, अंतर वीतभराहून कमी, हात सतत चालता, आणि एका दाट थराऐवजीं चार विरळ थर, नियम इतकाच.

खरेदीच्या वेळीं म्हसेच्या यात्रेंत बैल घेणारा शेतकरी आठवावा. तो शिंगांचा रंग पाहत नाहीं. दांत आणि चाल पाहतो. एअरब्रशचे दांत म्हणजे त्याची सुई व चोंच. तीं सुटीं मिळतात काय, हें आधीं विचारावें. सुईचें टोंक एकदां तरी टेबलावर आपटतेंच. आंतील चकत्या साध्या रबराच्या असतील तर लॅकरच्या थिनरनें फुगतात. त्या टेफ्लॉनच्या असाव्यात. आमच्याकडील बाजारांत हें यंत्र हातांत घेऊन पाहावयास मिळेलच असें नाहीं. बहुधा तें टपालानें येतें. शक्य असेल तर आसनगांवहून लोकल धरून मुंबईस जावें, आणि खटका मऊ व एकसारखा चालतो कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. बॅटरीवर चालणाऱ्या लहान जोडण्या हल्लीं फार विकल्या जातात. त्यांत दाब कमी व हवा धडधडती असते. पातळ अॅक्रिलिकपुरतें त्यांत भागतें, पुढें नाहीं.

सारांश, खर्चाचा क्रम असा धरावा: पहिल्यानें मुखवटा व मोकळी जागा, मग टाकी व गाळणीसह कॉम्प्रेसर, आणि उरलेल्या पैशांत लेखणी. मुलें हा क्रम उलटा लावतात आणि लेखणीवर सर्व पैसा संपवून हवेला कंजूषपणा करतात. लेखणी पुढें बदलतां येते. कॉम्प्रेसर वर्षानुवर्षें टिकतो. फुप्फुसें मात्र बदलून मिळत नाहींत.

लेखणी घरीं आल्यावर पहिला महिना तिनें गाडीला हात लावूं नये. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर ठिपके, मग रेघा, मग छटा, असा अभ्यास करावा, आणि प्रत्येक रंगानंतर ती पाणी किंवा थिनर फवारून धुवावी. जो मुलगा लेखणी न सांगतां धुतो, त्याच्या हातीं ती देण्यास घरांतील कोणींहि कचरूं नये. जो वाळलेल्या रंगासकट ती पेटींत टाकतो, त्याला आणखी एक वर्ष साध्या कुंचल्यावर ठेवावें; त्यानें त्याचें नुकसान होणार नाहीं, आखणी तर कुंचल्यानेंच करावयाची आहे.